गंज किती ते नंतर, आधी कुठे ते बघा

काका, नमस्कार. मी घोडबंदर रोडला राहतो, नोकरी ऐरोलीत, आयटीत. गावी, मुरबाड तालुक्यात, वडिलांनी १९७९ साली घेतलेला टाफेचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे. वडील गेल्यापासून तो बंदच आहे. २०२१ च्या तौक्ते वादळात शेडचा पत्रा उडाला, तेव्हापासून तर पावसातच उभा. गिअरच्या दांड्याचं रबर उंदरांनी खाल्लंय. परवा दांडा हलवून बघितला, जागचा हलत नाही. भोकातून टॉर्च मारला तर आत सगळं लालेलाल. इंजिन मात्र हाताने फिरतं. गावचा मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स गेला, भंगारातून दुसरा आख्खा आणून बसवू. धाकटा भाऊ म्हणतो, ट्रॅक्टरच भंगारात देऊ, जागा अडलीये. मला तो चालू करायचाय आणि तोही स्वतःच्या हाताने. एका व्हिडिओत बघितलं की गिअरबॉक्समध्ये डिझेल भरून ट्रॅक्टर तासभर फिरवला की गंज निघून जातो. तसं करू का? की टेम्पोत घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून शनिवार-रविवार काम करू? आणि गिअरच्या दात्यांचा गंज काढायला अ‍ॅसिड चालेल का?
– एक वाचक, ठाणे

डिझेल भरून फिरवायचा विचार आधी डोक्यातून काढा. बाकीचं मग सावकाश बोलू.

गंजाची पूड काय चीज आहे ते सोनाराला विचारा. दागिन्याला शेवटची चकाकी आणायची जी लाल पूड असते ती लोखंडाचा ऑक्साइडच, म्हणजे गंजाचीच वस्त्रगाळ सख्खी बहीण. तुमच्या गिअरबॉक्समध्ये तोच माल आहे, फक्त भरड. डिझेलात कालवून तासभर फिरवलात की तो प्रत्येक बेअरिंगमध्ये जाऊन बसणार. आणि मॅसीत प्रकरण तिथेच थांबत नाही. या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं, मधल्या हौसिंगचं (ओतीव पेटीचं) आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल एकच. त्याच तेलात हायड्रॉलिकचा चार पिस्टनचा पंप बसलेला असतो आणि तेच तेल ओढून तो लिफ्ट उचलतो. गिअरबॉक्समधली घाण सुटी झाली की तिचा पुढचा मुक्काम पंपाचे व्हॉल्व्ह. आज तुमच्यापुढे एक काम आहे, त्या व्हिडिओवाल्याचं ऐकलंत तर दोन होतील. त्याचा ट्रॅक्टर तासभर चालला असेलही. दुसऱ्या महिन्यात काय झालं याचा व्हिडिओ कोणी टाकत नाही.

आता तुम्ही टॉर्च मारून नेमकं काय बघितलंत ते सांगतो. घोडबंदरला राहता, तर इमारतीच्याच भाषेत बोलू. बंद पडलेला गिअरबॉक्स म्हणजे तीन मजली इमारत. वरच्या मजल्यावर हवा. दिवसा हौसिंग तापतं, रात्री गार पडतं आणि आतल्या दमट हवेतलं पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला घामासारखं जमून खाली ठिबकतं. गिअर सरकवणारे सिलेक्टरचे दांडे, त्यांना जोडलेले फोर्क, वरच्या गिअरांचे वरचे दाते यांना त्याने गंज चढतो. मधल्या मजल्यावर तेल. तिथे जे बुडालेलं आहे ते चाळीस वर्षांनीही बाहेर काढलं की निळसर चमकतं. तळमजल्यावर पाणी. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे दांड्याच्या भोकातून आलेला प्रत्येक थेंब खाली उतरतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो.

तुम्ही बघितलात तो वरचा मजला. तो सगळ्यात आधी दिसतो, सगळ्यात भयानक दिसतो आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी. तिथला गंज घासून निघतो. दांडा हलत नाही याचंही कारण बहुतेक तिथेच आहे, सिलेक्टरचे दांडे आपापल्या भोकात गंजून फुगलेत. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आधी सहज सरकणारी वस्तू त्याच भोकात आवळली जाते. दांडा अडकला म्हणजे गिअर गेले असं नाही. पाइप लावून जोर मात्र करू नका. फोर्क वाकला की मग खरंच खर्च आहे.

खरी चिंता तळमजल्याची. तिथे खालचा काउंटर शाफ्ट आहे आणि त्याची बेअरिंग आहेत. म्हणून म्हणतो, गंज किती आहे हे बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. तो कुठे आहे ते बघा.

त्यासाठी काही उघडावं लागत नाही. पुढच्या शनिवारी गावी जाल तेव्हा एवढंच करा. खालच्या ड्रेन प्लगखाली बादली ठेवा आणि प्लग हळूहळू सैल करा. एकदम काढू नका, दोन आटे सोडून थांबा. आधी पाणी येईल, लालसर. मग दुधाळ चहासारखं काहीतरी येईल, ते तेल आणि पाण्याचं कालवण. मग काळं तेल. या ट्रॅक्टरला ड्रेन प्लग एकापेक्षा जास्त असतात. गिअरबॉक्सचा, मधला, मागचा, सगळे काढा आणि प्रत्येकाची बादली वेगळी ठेवा. या सगळ्या पोटात मिळून तीस लिटरच्या आसपास तेल मावतं. त्यात चार-पाच लिटर पाणी निघालं तर फक्त तळमजला बुडाला होता. पंधरा-वीस लिटर निघालं तर पाण्याने तेल वर उचलून भोकातून बाहेर ढकललंय आणि मधला मजलाही बुडालाय. आपल्या जिल्ह्यात पावसाळाभरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे अशक्य नाही. अशा वेळी काम वाढतं. संपत नाही.

गिअरबॉक्सच्या बादलीतलं शेवटचं लिटरभर एका काचेच्या बरणीत भरा. लोणच्याची चालेल, पण घरी विचारून घ्या. रात्रभर हलवू नका. सकाळी थर दिसतील. तळाशी जो गाळ बसेल तो बोटाने पांढऱ्या कागदावर पसरून बघा. लाल डाग म्हणजे गंज. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ म्हणजे एवढ्या वर्षांची नेहमीची झीज. पिवळट चकाकी म्हणजे कुठलीतरी पितळी बुश खाल्ली गेली आहे. आणि नखाएवढा टणक तुकडा लागला तर तो दात्याचा आहे, तो जपून ठेवा, पुढे त्याची जागा शोधायची आहे. काढलेलं तेल शेतात किंवा ओढ्यात ओतू नका. जुनं तेल गोळा करणारे गॅरेजवाल्यांकडे येतात, त्यांना द्या.

अजून एक. सीटखालच्या मधल्या हौसिंगला दोन्ही बाजूंना बोल्टची झाकणं आहेत. एक काढलंत की फोनला लावायचा तो नळीचा कॅमेरा आत घालून पंपाची अवस्था दिसते. तुम्ही आयटीवाले, असली खेळणी तुमच्याकडे असतातच.

मिस्त्रीच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचं बोलत नाही, त्याच्या सोयीचं बोलतोय. आख्खा गिअरबॉक्स बदलला की त्याचं काम दोन दिवसांत मोकळं. पण भंगारातला गिअरबॉक्स तरी कुठून आला? बहुतेक याच पावसात उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या ट्रॅक्टरमधून. तो न उघडता बसवणं म्हणजे मुलगी न बघता लग्न, आणि उघडायचाच असेल तर मग तुमचा काय वाईट? शिवाय सगळे १०३५ आतून सारखे नसतात. सिंगल क्लच वेगळा, ड्युअल क्लच वेगळा, शाफ्ट जुळत नाहीत. भंगारातला गिअरबॉक्स घ्यायचाच तर सुट्या भागांसाठी घ्या, आणि तोही तुमचं काय-काय गेलंय ते कळल्यावर. मिस्त्रीला मात्र दुखवू नका. तो तुम्हाला लागणार आहे.

कारण हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होणार नाही. सेक्रेटरी काय म्हणेल तो भाग वेगळा. ट्रकला चासी असते, गिअरबॉक्स खाली उतरवला तरी ट्रक उभा राहतो. या ट्रॅक्टरला चासीच नाही. पुढे इंजिन, मधे गिअरबॉक्स, मागे हौसिंग, हे एकमेकांना बोल्टने जोडलेले ओतीव तुकडे हाच त्याचा पाठीचा कणा. गिअरबॉक्स काढायचा म्हणजे कणा दोन ठिकाणी सोडायचा. पुढच्या तुकड्याला दोन लहान चाकं, मागच्याला दोन मोठी, आणि दोघांपैकी एकही आपल्या पायावर उभा राहत नाही. त्यात स्टिअरिंगचा बॉक्स गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला, म्हणजे टाकी, बॉनेट, स्टिअरिंग हे सगळं आधी उतरवणं आलं. हे गावीच करा, शेडवर नवा पत्रा घालून, खाली कठीण जमीन असेल तिथे. दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे होळीच्या आत जोडणी होईल. पावसाळ्यात उघडलेला गिअरबॉक्स म्हणजे साफ केलेल्या दात्यांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी झाक. ठाण्याला आणायचे ते फक्त शाफ्ट, गिअर, फोर्क, झाकणं. दोन क्रेटमध्ये गाडीच्या डिकीत मावतात.

तुकडे वेगळे करताना एक गोष्ट माझ्यासाठी करा. पुढचा अ‍ॅक्सल मधे एका पिनेवर झुलतो, खड्ड्यातून जाताना तो डोलतो म्हणूनच ट्रॅक्टर चालतो. पण इंजिन मागून सुटं झालं की ते त्याच पिनेवर कलंडायला मोकळं. म्हणून बोल्ट सैल करायच्या आधी अ‍ॅक्सल आणि वरच्या ओतीव भागाच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास पडघ्याला एका शेतात मी हे केलं नाही. घाई होती, संध्याकाळ होत आली होती, जॅक आहे ना, म्हटलं. शेवटचा बोल्ट सुटला आणि इंजिन सावकाश, अगदी आळस दिल्यासारखं डावीकडे वळलं. माझा हात जॅकच्या दांड्यावर होता. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून अर्धीच वाकते. तर पाचरी ठोका. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळ्यावर पक्का आधार द्या. मागच्या हौसिंगच्या नाकाखाली लोखंडी घोडी ठेवा. गिअरबॉक्स चेन-पुलीवर घ्या. नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. आणि या दिवशी मिस्त्रीला रोजावर बोलवा. हे काम त्याच्या हातात आहे, तुमच्या-माझ्या बोलण्यात नाही. मी तर इथे ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतोय.

गंजलेले बोल्ट आदल्या दोन-तीन फेऱ्यांपासूनच भिजवायला लागा. फवारा मारून लगेच पाना लावायचा नसतो. डिझेलात थोडं तेल घालून, दर शनिवारी ओतून, दोन हातोडे मारून घरी या. तरी हटवादी राहिला तर बोल्टच्या आजूबाजूचं ओतीव गॅसच्या टॉर्चने तापवा आणि बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शोषलं जातं. बघायला जादू वाटते, पण तापवलेल्या फटीत पातळ वस्तू ओढली जाते, एवढंच ते आहे. अर्थात हे सगळं डिझेल पुसून, तेलाच्या बादल्या लांब नेऊन.

खोलताना आठवणीवर विसंबू नका. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढा, भोकं पाडा आणि जिथला बोल्ट तिथल्या भोकात खोचा. ही जुनी पद्धत फोनच्या फोटोपेक्षा बरी, कारण फोटोतला बोल्ट हातात येत नाही. सिलेक्टरचा दांडा ओढताना वर फडकं धरा; त्याच्या खाचेत बसणारी छोटी गोळी स्प्रिंगने उडते आणि ती शोधण्यात दिवस जातो. हाय-लो (वेगाचा जलद-संथ पट्टा) जिथे बदलतो तिथला ग्रहमालेसारखा गिअरांचा गट उघडताना आत सुयांची बेअरिंग असतील या हिशेबाने उघडा. खाली पांढरी चादर अंथरा आणि प्रत्येक पिनियनच्या सुया मोजून वेगळ्या डबीत ठेवा. माझी एक सुई एकदा हौसिंगच्या पोटात पडली होती. लोहचुंबक दोरीला बांधून गळ टाकावा तसा बसलो होतो, तिसऱ्या दिवशी लागली.

आता क्रेट ठाण्याला आले. डिझेल, नायलॉनचा ब्रश, जुनी परात. सगळं धुऊन कोरडं करा आणि लगेच पातळ तेलाचा हात फिरवा, नाहीतर पार्किंगमधून वर येईपर्यंत झाक धरतील. मग उन्हात बसून एकेक दाता बघायचा.

तुमचा गिअरबॉक्स सरकत्या गिअरांचा आहे. तीन पुढचे आणि एक मागचा, हाय-लोने दुप्पट होऊन सहा आणि दोन. गिअर टाकताना दाता दात्यात शिरतो, म्हणून दात्यांची टोकं थोडी मोडलेली, गोल झालेली असणार. ती वडिलांच्या आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या हाताची सही समजा, तिकडे लक्ष देऊ नका. बघायचं ते तोंड, जिथे समोरचा दाता घासतो. दाता पुसा आणि त्या तोंडावरून अंगठ्याचं नख ओढा. डाग दिसतो पण नख अडत नाही, तर तो नुसता रंग आहे. एखाद-दुसऱ्या टाचणीएवढ्या खड्ड्यात अडतं, तर तुमच्या कामाला तो गिअर चालेल. तुम्ही काही रोज दहा तास नांगरणार नाही. पण खड्ड्यांचा पट्टाच असेल, कडा तुटलेल्या असतील, तर बदला, आणि शक्यतो जोडीने बदला. नवा दाता जुन्याबरोबर नांदत नाही, आवाज करतो. एक मात्र करू नका. खड्डे जावेत म्हणून दात्याला ग्राइंडर लावू नका. दात्याची कडक साल पातळ असते, ती गेली की आत मऊ लोखंड.

दात्याच्या मुळाशी तडा असल्याची शंका आली तर महागडी तपासणी लागत नाही. गिअर रात्रभर रॉकेलात ठेवायचा, रॉकेल मिळत नसेल तर डिझेलात. सकाळी कोरडा पुसायचा आणि खडूची पूड भुरभुरायची. अर्ध्या तासात जिथे तडा आहे तिथून आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तशी रेघ उमटली तर त्या गिअरची भीड धरू नका.

शाफ्टच्या पन्हाळ्या, म्हणजे लांबीने कोरलेल्या खाचा, घासून झाल्या की शाफ्टला तेल लावून तो उभा धरा आणि वरून गिअर सोडा. तो आपल्या वजनाने सरसर खाली आला पाहिजे. अडकला तर कुठे अडकतो तिथे बारीक पॉलिश पेपर. हे चांगलं शनिवार-रविवारचं काम आहे, मुलांनाही घ्या.

बेअरिंगबद्दल वाद घालू नका. सगळी नवी घ्या. जुनं हातात फिरवून ‘बरं वाटतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. एक जुनं कापून बघा म्हणजे खात्री पटेल. बाहेरच्या रिंगच्या आत, जिथे गोळ्या टेकून वर्षानुवर्षं थांबल्या होत्या तिथे सारख्या अंतरावर काळे डाग दिसतील. पाण्याने तिथे पोलाद खाल्लेलं असतं. त्या डागावर गोळी पुन्हा गेली की खड्डा, खड्ड्याचा चुरा, चुऱ्याने पुढचं बेअरिंग. एवढा ट्रॅक्टर उघडून जुनं बेअरिंग परत घालणं म्हणजे लग्नात सगळा खर्च करून जेवणात मीठ वाचवणं.

विकत घेताना जुनं बरोबर न्या. रिंगेवर कोरलेला नंबर वाचता आला तर त्यातले शेवटचे दोन आकडे ५ ने गुणा, आतलं भोक मिलिमीटरमध्ये निघतं. ६२०६ म्हणजे ३०, ६३०७ म्हणजे ३५. पण मॅसीचं मूळ डिझाइन इंची मापांचं, तशी बेअरिंगही निघतात आणि तिथे हा हिशेब चालत नाही. म्हणून व्हर्निअरने आतलं, बाहेरचं, रुंदीचं अशी तिन्ही मापं लिहून ठेवा. मस्जिद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात की एका गल्लीत सगळं मिळतं. फक्त खोक्यावरच्या नावाला भुलू नका, नकली मालाचे खोके असलीपेक्षा सुबक असतात. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या.

बसवताना हातोडा गोळ्यांमधून जाता कामा नये. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगेवर, हौसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. शाफ्टवरची बेअरिंग तेलात ऐंशी ते शंभर अंशांवर तापवली की हाताने सरकतात; १२० च्या वर नेऊ नका, पोलादाचं पाणी उतरतं. थर्मामीटर वापरा. आणि हे स्वयंपाकघरात करू नका, तुम्हाला त्या घरात राहायचंय. शाफ्टवर बेअरिंग बसायची जागाच खाल्ली गेली असेल तर शाफ्ट टाकू नका. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथे आता काचेच्या इमारती झाल्या असल्या तरी मागच्या गल्ल्यांत लेथवाले अजून आहेत, रबाळे-महापेलाही आहेत. शाफ्टवर धातू चढवून पुन्हा मापात उतरवून देतात. बेअरिंग बरोबर न्या आणि त्याच्या मापाने करून मागा.

अ‍ॅसिड. नको. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड गंज खातं हे खरं, पण त्या प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो आणि कडक पोलादात शिरतो. दाता दिसायला लख्ख आणि आतून ठिसूळ होतो. लोडवर कधी मोडेल सांगता येत नाही. शिवाय त्याची वाफ बाल्कनीतल्या बाकीच्या सगळ्या लोखंडाला गंज चढवते, त्यात शेजाऱ्यांची ग्रिलही आली. गिअर, शाफ्ट आणि बेअरिंगला फक्त डिझेल, ब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि तुमचा वेळ. झाकणं, दांडे, ओतीव भाग यांना वाण्याकडचं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून बुडवलं तरी रात्रभरात गंज सुटतो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, कोरडं करायचं आणि लगेच तेल.

जोडणी खोलण्याच्या उलट, असं पुस्तकात एका ओळीत लिहितात. ती ओळ लिहिणाऱ्याने जोडणी केलेली नसते. घाई न करता दोन दिवस द्या. ऑइल सील सगळे नवे, मागच्या अ‍ॅक्सलचेही, कारण चिखलणीत अ‍ॅक्सलपर्यंत पाणी चढतं आणि तुमच्याकडे भातच आहे. पॅकिंग कापताना जुन्याच जाडीचा कागद घ्या. जाडी बदलली की शाफ्टचा प्ले बदलतो. फोर्कच्या बोल्टला तारेचं लॉक असेल तर नव्या तारेने परत घाला. आणि इंजिनला जोडायच्या आधी, गिअरबॉक्स ठोकळ्यावर असतानाच, पुढचा शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर हायमध्ये आणि लोमध्ये टाकून बघा. इथे काही अडलं तर दहा मिनिटांत सुटतं. जोडून झाल्यावर अडलं तर पुन्हा पाचरी.

तेल कुठलं, यावर गावात तुम्हाला चार जण ‘नव्वद नंबर टाक’ म्हणतील. साध्या गिअरबॉक्सला ते ठीक. पण इथे हेच तेल पंपाला ओढायचंय, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि ओल्या ब्रेकसाठी एकत्र मिळतं ते यूटीटीओ तेल घ्या. पहिली भरती स्वस्तातली, हळू फिरवून, गरम असतानाच काढून टाकायची. कोपऱ्यातला राहिलेला गाळ तिच्याबरोबर जातो. मग खरी भरती. आणि लिफ्ट उचलली नाही तर पंपाला शिव्या घालायच्या आधी पीटीओचा (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचा) दांडा बघा. या ट्रॅक्टरात पीटीओ गुंतवल्याशिवाय पंप फिरतच नाही. ‘पंप खराब’ म्हणून बोलावलेल्या तीन-चार ठिकाणी मी फक्त तो दांडा ओढून चहा पिऊन आलोय.

राहता राहिला भाऊ. त्याचं म्हणणं उडवून लावू नका. तुम्ही घोडबंदरला राहता, तो धूड रोज त्याच्या अंगणात आहे. शेडचा पत्रा तुमच्या पैशाने घालून द्या, म्हणजे जागा अडली तरी उपयोगाची होईल. होळीपर्यंतची मुदत मागा आणि ती तोंडी नको, तारीख सांगा. ट्रॅक्टरचे तुकडे वेगळे करायच्या दिवशी त्यालाही बोलवा. बघायला नव्हे, पाचर धरायला. हे एकट्याचं काम नाहीच. आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर दोघांनी मिळून आरटीओत वारसाचा ३१ नंबरचा फॉर्म भरा. हे वडील गेल्यावर तीन महिन्यांत करायचं असतं, तुम्हाला उशीर झालाय, थोडा दंड बसेल. ट्रॅक्टर चालू करायचा असो की भंगारात द्यायचा, कागद दोन्हीकडे लागतोच, त्यामुळे या एका गोष्टीवर तुमचं भांडण होऊ नये.

दांड्याचं रबर मात्र आजच घ्या, किंमत किरकोळ आहे. ते बसवायला दांड्याची मूठ काढावी लागते, तोवर भोकावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, घट्ट. आणि बरणीचा फोटो पाठवा. मागे पांढरा कागद धरा, नाहीतर थर दिसत नाहीत.